जुन्या शास्त्राची नवी मांडणी

नाशिक तालुक्यांतील एका सुतार कुटुंबानें आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. तो त्या एका घराचा नसून सर्व कष्टकरी घरांचा आहे, म्हणून त्यास आम्ही या जागीं उत्तर देत आहों. हें कुटुंब ख्रिस्ती आहे. घरांत बायबलाचीं दोन पुस्तकें आहेत. एक आजीच्या वेळचें, पुठ्ठा सुटलेलें, पानांच्या कडा हाताच्या तेलानें काळवंडलेलें. दुसरें नातवानें आणलेलें, स्वच्छ टाइपाचें, परिच्छेद पाडलेलें, जागोजाग मथळे दिलेलें. आजीस जुन्यांतल्या ओळी तोंडपाठ आहेत. नातू नव्यांतून वाचूं लागला म्हणजे ती त्यास मध्येंच थांबवून म्हणते, ‘बाबा, असें नव्हतें.’ नातू म्हणतो, ‘आजी, अर्थ तोच आहे.’ दोघांत खरें कोणाचें, असें त्यांचें विचारणें आहे.

कोणी म्हणेल कीं, ब्राह्मणेतरांच्या पत्रास बायबलाच्या आवृत्त्यांची उठाठेव कशाला? आमचें उत्तर सरळ आहे. धर्मग्रंथ कोणाचाहि असो. त्याची भाषा कोण ठरवितो, त्यांत बदल कोण करितो, आणि केलेला बदल वाचणारास सांगतो कीं लपवितो, हा प्रश्न आमचाच आहे. शेंकडों वर्षें आमच्या वाडवडिलांस सांगण्यांत आलें कीं, शास्त्रांत असें असें लिहिलें आहे. तें शास्त्र मात्र त्यांच्या हातीं दिलें नाहीं, आणि वाचण्याची विद्याहि दिली नाहीं. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल काढून टाकण्यासाठींच. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत; पण धर्माचें पुस्तक छापून कोणाच्याहि हातीं देतां येतें, हें त्या शाळेंत बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर होतें. तेव्हां ग्रंथ हातीं आल्यावर तो खरा कीं फिरविलेला हें कसें ओळखावें, हा पुढचा धडा आपण शिकलाच पाहिजे.

प्रथम ‘जुनें बायबल’ म्हणजे काय तें पाहूं. मराठींत बायबल आणणारा पहिला कारागीर खरोखरीच कारागीर होता. विल्यम केरी हा इंग्लंडांत जोडे शिवून पोट भरीत असे. तो पुढें बंगाल्यांतील श्रीरामपुरास आला. तेथें आपल्या लोकांनीं काढलेल्या छापखान्यांतून त्यानें १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं संपूर्ण नवा करार मराठींत काढला. त्या छापखान्यानें मोडीचेहि खिळे पाडले होते. केरीस मराठी शिकविणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे. त्यामुळें त्या भाषांतराची बोली नागपुरी वळणाची झाली, आणि देशावरच्या व कोंकणांतल्या लोकांस ती आपली वाटेना. म्हणजे पहिल्याच आवृत्तीस दुरुस्ती लागली.

ती दुरुस्ती मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं हातीं घेतली. गॉर्डन हॉल व त्याचा सोबती सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार १८२६ सालीं छापून पुरा झाला. त्याच वर्षीं हॉल नाशिकास आला होता. येथें पटकीचा कहर चालू होता. त्यानें जवळचें औषध रोग्यांस वांटून टाकलें, आणि परतीच्या वाटेवर २० मार्च १८२६ रोजीं त्याच रोगानें तो मेला. त्याच्या धर्ममताशीं आमचें कांहीं घेणें नाहीं. पण आमच्या भाषेसाठीं राबलेला व आमच्या गांवच्या साथींत मेलेला मनुष्य म्हणून त्याचें नांव नाशिककरांस ठाऊक असावें.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संपूर्ण बायबल मराठींत झालें, आणि तेंहि पुन्हां पुन्हां तपासलें गेलें. या तपासणीच्या कामीं बाबा पदमनजी यांचें नांव विसरतां येत नाहीं. ते १८३१ सालीं बेळगांवास जन्मले, जातीनें कासार. तांब्यापितळेच्या कारागिरांच्या जातींतला मनुष्य १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा पाया घालतो, आणि बायबलाच्या मराठीवरूनहि हात फिरवितो, ही गोष्ट आमच्या कासार बांधवांनीं आपल्या मुलांस सांगावी.

नाशिकाचा संबंध एवढ्यावरच संपत नाहीं. १८५४ सालीं चर्च मिशनरी सोसायटीनें येथें शरणपूर वसविलें. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें तेथें ठेवून त्यांस अक्षरओळख व सुतारकी-लोहारकी शिकविली. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा १८७३ सालीं आफ्रिकेच्या रानांत लिव्हिंग्स्टन मेला त्या वेळीं तेथें होता. लिव्हिंग्स्टनाचें काळीज झाडाखालीं पुरलें तेव्हां अंत्यविधीचा पाठ यानेंच वाचला, आणि झाडावर अक्षरें कोरलीं तींहि यानेंच. ज्याला जगानें मालाप्रमाणें विकलें, त्यानें नाशिकास शिकलेलें अक्षर मृत्यूच्या जागीं उपयोगीं आणलें. अक्षर हातीं आलें म्हणजे माणूस काय होतो, याचा यापरता दाखला आम्हांस शोधावा लागत नाहीं.

आतां पंडिता रमाबाईंकडे वळूं. त्या जन्मानें ब्राह्मण, संस्कृतांत पारंगत; सभेंत पंडितांस गप्प करतील एवढी विद्या. अशा बाईनें दौंडाजवळ केडगांवास दुष्काळांत उघड्या पडलेल्या मुली व विधवा गोळा केल्या, त्यांस वाचावयास शिकविलें, आणि मग तिच्या ध्यानांत आलें कीं चालू बायबलाची भाषा या बायकांस जड जाते. शब्द संस्कृत, वाक्यें लांब, वळण पुस्तकी. तेव्हां उतारवयांत तिनें हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या आणि साऱ्या बायबलाचें सोप्या मराठींत स्वतः भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं ती वारली. तिचें संपूर्ण बायबल १९२४ सालीं मुक्ति मिशनच्या छापखान्यांतून बाहेर पडलें, आणि तेथें खिळे जुळविणारे हात तिनें सांभाळलेल्या बायकांचेच होते. ज्यांच्यासाठीं पुस्तक त्यांनींच तें छापावें, अशी गोष्ट मराठी मुलखांत फार वेळां घडलेली नाहीं.

आमच्यावर जातिद्वेषाचा आरोप करणारांनीं हें नीट वाचावें. रमाबाई ब्राह्मण, ‘ज्ञानोदया’च्या मराठी अंगाचे संपादक रेव्हरंड नारायण वामन टिळक ब्राह्मण, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक ब्राह्मण. लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नव्हत्या. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’तली साधी बोली मोठमोठ्या पंडितांस साधली नाहीं. या तिघांसहि आम्ही मान देतों, कारण त्यांनीं भाषा उंच चौथऱ्यावरून अंगणांत आणली. आमचें भांडण कोणाच्या जन्माशीं नाहीं. विद्या कोंडून ठेवण्याच्या खोडीशीं आहे, आणि ती खोड ज्याच्या अंगीं असेल त्याची जात आम्ही विचारीत नाहीं.

इतकें सांगण्याचा हेतु हा कीं, आजी ज्यास ‘मूळ’ समजते तें पुस्तकहि कधीं काळीं नवेंच होतें. तिच्या आजीनें कदाचित् तिलाहि थांबविलें असतें. आज बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या वतीनें जुन्या मान्य भाषांतराची पुनःसंपादित आवृत्ति मिळते, सोप्या बोलीचें निराळें भाषांतर मिळतें, आणि इतर संस्थांचीं भाषांतरें मोबाइलवर फुकट वाचावयास मिळतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० सालीं धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व २०२४ सालीं वारले, त्यांनीं ‘सुबोध बायबल’ केलें. शेतकऱ्यानें जुन्या नांगराचा फाळ बदलला, रुमणें नवें बसविलें, जूं नवें केलें, तरी तो नांगर आपलाच म्हणून तो ओळखतो. कारण बदल त्याच्यासमोर झाला, सुताराच्या दारांत बसून त्यानें तो पाहिला. पुस्तकाचा फाळ बदलतो तेव्हां मात्र आपण दारांत नसतों. सगळा घोळ येथें आहे.

आतां मांडणी. आजीस वाटतें कीं एकेक वचन एकेका ओळींत हीच शास्त्राची मूळ रीत, आणि परिच्छेद पाडणें म्हणजे शास्त्र मोडणें. पण बायबलाचे अध्याय इंग्लंडचा स्टीफन लँगटन यानें तेराव्या शतकांत पाडले, आणि आजच्या वचनांचे आंकडे रोबेर एतियेन या छापखानेवाल्यानें १५५१ सालीं नव्या करारास घातले. लिहिणारांनीं आंकडे घातलेच नव्हते. शोधावयास सोयीचे म्हणून ते आले, आणि लोकांस सवय झाली म्हणून पवित्र वाटूं लागले. तेव्हां गोष्ट गोष्टीसारखी व गाणें गाण्यासारखें मांडलें तर त्यांत पाप नाहीं. उलट वाचणारास सोपें जातें. आंकडे शेजारीं बारीक राहिले म्हणजे झालें.

मथळ्यांचें तसें नाहीं. मथळा हा शास्त्राचा भाग नव्हे. तो संपादकाचा शब्द आहे, आणि तो वाचणाराच्या मनावर आधींच शिक्का मारतो. बायबलांत एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहांटे मजूर लावतो, मग दिवसभर थोड्या थोड्या वेळानें आणखी लावतो. दिवस मावळायला आला तरी अड्ड्यावर उभे असलेले लोक पाहून त्यांसहि बोलावतो, आणि संध्याकाळीं सर्वांस सारखीच मजुरी देतो. पहांटे आलेले कुरकुरतात. या गोष्टीवर ‘उदार मालक’ असा मथळा घातला म्हणजे आपण मालकाच्या ओट्यावरून ती वाचतों. ‘मजुरांची तक्रार’ असा घातला म्हणजे मजुरांच्या रांगेंतून. ‘दिवसभर काम न मिळालेले’ असा घातला म्हणजे अड्ड्यावर उन्हांत उभे राहिलेल्यांच्या पोटांतून. गोष्ट एक, शब्द तेच, आणि अर्थाची दिशा तीन. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या बायामाणसांस या गोष्टीचा अर्थ सांगावयास कोणी पंडित नको. त्यांनीं मथळ्यावर बोट ठेवून गोष्टच वाचावी, आणि मग मथळा जुळतो कीं नाहीं तें पाहावें.

शब्दांचा प्रश्न याहून कठिण आहे. त्याच गोष्टींतील मजुरी घ्या. मुळांत रोमी नाणें आहे, दीनार. एका दिवसाच्या मजुरीचें. भाषांतरकारानें तेथें ‘रुपया’ लिहिला, तर ज्या काळीं रुपया ही दिवसाची बरी मजुरी होती त्या काळीं अर्थ नेमका बसेल. आज मात्र वाचणारा म्हणेल कीं मालकानें मजुरांस लुबाडलें. ‘दीनार’ लिहिला तर मूळ राहिलें, पण समजलें नाहीं. ‘दिवसाची मजुरी’ लिहिलें तर समजलें, पण नाणें गेलें. तिन्ही वाटा प्रामाणिक असूं शकतात. अट एवढीच कीं, जी वाट घेतली ती पानाच्या तळाशीं एका ओळींत सांगावी.

दुसरा शब्द ‘शास्त्री’. जुन्या मराठी बायबलांत येशूचे विरोधक ‘शास्त्री व परूशी’ असे येतात. कांहीं सोप्या भाषांतरांत ‘शास्त्री’ जाऊन तेथें ‘नियमशास्त्राचे शिक्षक’ आले आहेत. आमच्या पक्षाच्या सोयीनें पाहिलें तर जुना शब्द आम्हांस फार प्रिय असावयास हवा. लोकांवर ओझें लादून स्वतः बोटहि न लावणारा शास्त्री म्हटला कीं आमच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें कोण उभा राहतो, हें सांगावयास नको. पण सत्य शोधणारानें सोय पाहूं नये. मूळ ग्रीक शब्दाचा साधा अर्थ ‘लिहिणारा’, म्हणजे ग्रंथ नकलून घेणारा व त्याचा निर्णय सांगणारा. ते लोक कोणा एका जातीचे भिक्षुक नव्हते. ‘शास्त्री’ म्हटल्यानें धार येते, पण यहुदी माणसावर मराठी पगडी चढते. ‘शिक्षक’ म्हटल्यानें पगडी उतरते, पण धारहि बोथट होते. गांवच्या गरीब मास्तरावर उगीच ठपका येतो. आम्हांस दोन्ही शब्द अपुरे वाटतात, आणि तळटीप दिल्याशिवाय यांतून सुटका दिसत नाहीं.

तिसरा शब्द त्या सुतार कुटुंबासाठीं. येशूस ‘सुतार’ म्हटलें आहे. मूळ ग्रीक शब्द ‘टेक्टोन’. त्यांत लाकूडकाम करणारा येतो, तसाच घरें बांधणारा कारागीरहि येतो. उद्यां एखाद्या नव्या आवृत्तींत ‘कारागीर’ असें छापलें, तर आपला देव आपल्या जातींतून काढून घेतला असें सुतारांनीं मानूं नये. गवंड्यालाहि त्यांत जागा झाली, एवढेंच समजावें.

आतां आजीची सर्वांत मोठी तक्रार. नव्या पुस्तकांत कांहीं वचनें कंसांत घातलीं आहेत, कांहीं तळाशीं ढकललीं आहेत. हा चोरीचा प्रकार नव्हे काय? याचें उत्तर नीट समजून घेतलें पाहिजे. छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ हातानें नकलले जात. नकलणारा कधीं ओळ गाळी, कधीं बाजूस लिहिलेली टीप आंत घेई. इरॅस्मसानें १५१६ सालीं ग्रीक नवा करार छापला तेव्हां त्याच्याजवळ थोड्या व उशिराच्या प्रती होत्या, आणि युरोपांतलीं बहुतेक जुनीं भाषांतरें त्या छापील पाठाच्या आधारें झालीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत सिनाई पर्वताच्या मठांतून चौथ्या शतकांतली प्रत टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताच्या हातीं लागली. तींत मार्काच्या शुभवर्तमानाचीं शेवटचीं बारा वचनें नाहींत. असे पुरावे सांचल्यावर इंग्रजांनींहि आपलें १६११ सालचें लाडकें भाषांतर तपासून १८८१ सालीं सुधारलेला नवा करार काढला. तेव्हां कंस हा चोराचा हात नव्हे; ‘येथें साक्षीदारांत मतभेद आहे’ असें सांगणारी ती खूण आहे. सावकाराच्या वहींत मागाहून घुसडलेली रक्कम कोणी दाखवून दिली तर कूळ त्यास चोर म्हणत नाहीं. चोर तो, जो घुसडतो आणि खूण ठेवीत नाहीं. किंवा काढून टाकतो आणि खूण ठेवीत नाहीं.

खूण न ठेवतां ग्रंथ फिरविणें म्हणजे काय, हें ‘ख्रिस्तपुराणा’वरून कळेल. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें मराठी ओव्यांत बायबलाची कथा रचली, आणि ती १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें रोमन लिपींत छापली गेली. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांची बोली सोडविण्याचा हुकूम काढला. ग्रंथ तरीहि घराघरांत वाचला जात राहिला. १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं तो पुन्हां छापला. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास तो देवनागरींत आणला. परंतु लंडनास देवनागरींतली एक निराळी हस्तलिखित प्रत निघाली. रोमन छापील पुस्तकांत धर्माचे कित्येक शब्द पोर्तुगीज आहेत. या प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत वळणाचे शब्द आहेत. कोणी कोणाचे बदलले? स्टीफन्सनें आधीं देशी शब्द लिहिले व छापतांना परके घातले, कीं मागाहून कोणीं परके काढून देशी बसविले? पंडितांचा वाद अजून आहे, कारण बदलणारानें खूण ठेवली नाहीं. फादर नेल्सन फाल्काव यांनीं २००९ सालीं त्या देवनागरी प्रतीवरून ग्रंथ छापला तो मात्र मूळ ओव्या ठेवून व आजच्या मराठींत अर्थ देऊन. ही रीत आम्हांस पसंत आहे. जुनें दिसतें, नवें समजतें, आणि दोन्ही ताडून पाहतां येतात.

हा रोग एकट्या ख्रिस्त्यांचा नाहीं. ज्ञानेश्वरींत लोकांनीं आपापल्या ओव्या घुसडल्या म्हणून एकनाथांस शके १५०६ सालीं ती शुद्ध करावी लागली. नाथांचा हेतु चोख होता यांत आम्हांस शंका नाहीं. पण त्यांनीं काय काढलें व काय बदललें त्याची यादी आपल्या हातीं नाहीं. म्हणून १९०९ सालीं राजवाड्यांनीं बीडकडची निराळी जुनी प्रत छापली तेव्हां एवढी खळबळ झाली. तुकोबांच्या अभंगांचे पाठहि प्रतीप्रतींत निराळे. आणि उद्यां कोणी जोतीरावांचा १८८३ सालचा ‘असूड’ आजच्या पोरांस समजेल अशा भाषेंत मांडला तर आम्ही त्याचें स्वागत करूं. पण शेजारीं जोतीरावांचा शब्द नसेल, तर तो असूड जोतीरावांचा नव्हे, मांडणाराचा.

येथें दोन प्रकारच्या लोकांपासून आम्ही वाचकांस सावध करितों. पहिले म्हणतात, धर्माची भाषा जुनी व गूढ असावी, सोपी केली तर पावित्र्य जातें. सर्व धर्मांच्या भिक्षुकांचें हें एकच गाणें आहे. इंग्लंडांत टिंडल म्हणे कीं नांगर धरणारा पोरगा धर्मगुरूपेक्षां जास्त शास्त्र जाणील असें मी करीन. त्यानें १५२६ सालीं इंग्रजी नवा करार छापला, आणि १५३६ सालीं त्यास गळा आवळून जाळलें. पावित्र्य राखण्याची ही तऱ्हा! दुसरे म्हणतात, खेडवळांस एवढें पुरे. कठिण तें काढून टाका, लांब तें तोडा. हे बोलतात गोड, पण पहिल्यांचे सख्खे भाऊ आहेत. पहिल्यानें पोथी कुलपांत ठेवली. दुसऱ्यानें पोथी दिली, पण आंतलीं पानें काढून. सोपें करणें निराळें, हलकें करणें निराळें. रमाबाईनें सोपें केलें, पण एक पानहि गाळलें नाहीं. गरिबाची बुद्धि लहान नसते. त्याला सवड लहान असते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भाषांतर करणारा हा अर्थाचा मालक नव्हे. मार्टिन लूथरनें १५२२ सालीं नवा करार जर्मन बोलींत दिला. तीनच वर्षांनीं, १५२५ सालीं, तेथल्या शेतकऱ्यांनीं जमीनदारांपुढें बारा मागण्या ठेवल्या आणि कडेला बायबलाच्या वचनांचे दाखले घातले. आपला धर्मोपदेशक आपण निवडूं, गुलामी सोसणार नाहीं, रानांतलें लांकूड आमचेंहि आहे, अशा त्या मागण्या. तेव्हां तोच लूथर शेतकऱ्यांवर उलटला आणि त्यांस चिरडून काढा म्हणून सरदारांस लिहिता झाला. त्यानें ग्रंथ हातीं दिला, याबद्दल त्यास श्रेय. पण ग्रंथ हातीं आल्यावर शेतकऱ्यांनीं तो स्वतःच्या डोळ्यांनीं वाचला, हें श्रेय शेतकऱ्यांचें.

म्हणून जुन्या भाषांतरांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्या संस्थांस, मग त्या ख्रिस्ती असोत, वारकरी असोत कीं आमच्याच सत्यशोधक असोत, आमचें मागणें असें आहे. पुस्तकाच्या आरंभीं कोणत्या जुन्या आवृत्तीवरून ही केली व काय काय बदललें तें साध्या भाषेंत सांगावें. मोठा बदल असेल तेथें जुना शब्द तळाशीं ठेवावा. मथळे संपादकाचे आहेत हें स्पष्ट छापावें. ज्यांनीं आधीं घाम गाळला, ते वैजनाथ पंडित असोत, बाबा पदमनजी असोत कीं केडगांवच्या खिळे जुळविणाऱ्या बायका असोत, त्यांचा उल्लेख गाळूं नये. आवृत्ति छापण्यापूर्वीं ती चार गांवांत वाचून दाखवावी, आणि तपासणाऱ्या मंडळींत नांगर धरणारा, भाता ओढणारा व पाट्याशीं बसणारी बाई यांस जागा द्यावी. नुसती ऐकण्याची नव्हे, अडविण्याची. आणि जुनी आवृत्ति नवी निघाली म्हणून बंद करूं नये.

मोबाइलवरील पुस्तकांविषयीं तर विशेष सांगणें आहे. कागदावरचें बायबल जसें होतें तसें फळीवर राहतें. आजी बोट ठेवून ‘असें नव्हतें’ म्हणूं शकते, कारण तिच्याजवळ साक्षीदार आहे. मोबाइलवरचा पाठ रातोरात बदलतो, आणि काल काय होतें याची साक्ष उरत नाहीं. फुकट मिळतें म्हणून घ्यावें, ऐकतां येतें म्हणून ऐकावें. पण प्रत्येक बदलाची तारीख व यादी देण्यास छापणारांस भाग पाडावें, आणि घरांत एक तरी कागदी प्रत राखावी.

आतां त्या कुटुंबास उत्तर. आजीचें खरें आहे, कारण शब्द बदलला आहे आणि तो कां बदलला हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. नातवाचेंहि पुष्कळ खरें आहे, कारण अर्थ समजलाच नाहीं तर पाठांतराचा उपयोग काय? पण ‘अर्थ तोच आहे’ हें म्हणणें त्यानें तपासल्याशिवाय म्हणूं नये. त्याला आमचें सांगणें असें कीं, बाबा, काम आटोपल्यावर दोन्ही पुस्तकें दिव्याखालीं ठेव. आजीला जुनें म्हणूं दे, तूं नवें वाच. जेथें दोघांचें जुळणार नाहीं तेथें पेन्सिलीनें खूण कर, आणि रविवारीं पाद्रीबुवांस त्या जागेचा जाब विचार. ते उत्तर देतील तर ऐक. ‘तुला काय कळतें’ म्हणतील तर आम्हांस कळीव.

आणि आमच्या हिंदु, मुसलमान, बौद्ध वाचकांनींहि हें ख्रिस्त्यांचें प्रकरण म्हणून पान उलटूं नये. आपापल्या घरांतली पोथी, गाथा, ग्रंथ काढावा. ती कोणी छापली, कधीं छापली, कोणत्या प्रतीवरून छापली, हें पहिल्या पानावर पाहावें. तेथें कांहींच लिहिलेलें नसेल, तर प्रकाशकास एक कार्ड टाकून विचारावें. विचारण्यास पैसा फारसा पडत नाहीं, आणि विचारणारे वाढले कीं लपविणारे कमी होतात.